इझोल्डेची भूमिका आणि मोठ्या आवाजाचा भ्रम

वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ (1865) या ऑपेरातील नायिका ‘ड्रामॅटिक सोप्रानो’साठी, म्हणजे तार सप्तकातही भरदार राहणाऱ्या व मोठ्या वाद्यवृंदाला पुरून उरणाऱ्या स्त्री-आवाजासाठी लिहिलेली आहे, आणि पुरून उरायचे तर वाद्यांहून मोठ्याने गायले पाहिजे, म्हणून गायिकेने कोवळ्या वयापासूनच पूर्ण जोर लावून मेहनत करावी, असा पूर्वपक्ष वारंवार मांडला जातो.

ध्वनिशास्त्रापुढे हा पक्ष टिकत नाही. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर साधारणपणे 500 हर्ट्झच्या आसपास एकवटलेला असतो व त्यापुढे तो उतरत जातो, तर माणसाचा कान 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे ज्या आवाजातील उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, या पट्ट्यात सशक्त असतात, तो वाद्यांच्या गर्दीतूनही श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. तार स्वरांवर जबडा अधिक उघडून मुख आणि घसा यांच्या पोकळीचा अनुनाद मूळ स्वराशी जुळवला, की श्वासाचा रेटा न वाढवताही स्वर मोठा होतो. रेटाच वाढवत राहिले, तर स्वरतंतू एकमेकांवर आदळून सुजतात.

म्हणून या भूमिकेचा खरा पाया ‘अप्पोज्जो’ हा आहे: श्वास घेताना फुललेल्या बरगड्या गातानाही लगेच मिटू न देता हवा बेताबेताने सोडण्याची ही इटालियन पद्धत. पहिल्या अंकातील इझोल्डेचे प्रदीर्घ कथन बहुतांशी मध्य सप्तकात चालते, आणि गायिकेची शक्ती नेमकी तिथेच, संतापाच्या भरात, उधळली जाते. अखेरच्या प्रवेशातला शेवटचा स्वर तर हळुवारच लावायचा असतो. किर्स्टन फ्लागस्टाड या सोप्रानो गायिकेने केलेल्या या ऑपेराच्या 1952च्या ध्वनिमुद्रणात दोन अतितार ‘सी’ स्वर दुसऱ्याच गायिकेने, एलिझाबेथ श्वार्झकोफने, गायले, तरीही ती इझोल्डे फ्लागस्टाडचीच मानली जाते, यावरून भूमिकेचा भार कुठे असतो ते स्पष्ट व्हावे. शिवाय फ्लागस्टाडने 1913 साली रंगभूमीवर पदार्पण केल्यावर जवळजवळ दोन दशके मुख्यतः हलक्याफुलक्या भूमिका केल्या आणि इझोल्डे प्रथम 1932 साली गायली.

निसर्गदत्त भरदार आवाजाविना हे साधणार नाही, हे मान्यच आहे. पण म्हणून तो रोज पणाला लावावा, असे सिद्ध होत नाही. तालमीत ‘मार्किंग’ करणे, म्हणजे अर्ध्या आवाजात किंवा तार स्वर एक सप्तक खाली घेऊन गाणे, याला अंगचोरी म्हणणारे हे विसरतात, की त्या वेळी श्वासाच्या जागा, जर्मन उच्चार आणि प्रत्येक अंकासाठी राखायची शक्ती यांचीच बांधणी चाललेली असते.