कर्ज जिद्दीने फिटत नाही

घर कर्जात सापडलं की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. हल्ली त्यात प्रेरणादायी व्याख्यात्यांची भर पडली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ध्येय ठरवा, त्याला तारीख घाला, कागदावर ठळक अक्षरांत लिहून कपाटाच्या आरशावर चिकटवा, रोज सकाळी मोठ्याने म्हणा. लहान कर्ज आधी उडवा, म्हणजे हुरूप येईल. घरच्यांना काळजीत पाडू नका, आपली लढाई आपण लढा. टाळ्या पडतात. माणूस हलका होऊन घरी येतो. पाच तारखेला खात्यातून हप्ता मात्र होता तेवढाच जातो.

या उपदेशातलं तारखेचं कलम मला मान्य आहे. मुदत न ठरवलेलं कर्ज पाहुण्यासारखं येतं आणि घरातलंच होऊन बसतं. बाकीची कलमं मान्य नाहीत, आणि एकट्याने लढण्याचं कलम तर घातक आहे.

आधी जिद्दीचं पाहू. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज, वर्षाला १४ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता बसतो साधारण ११,६३४ रुपये. पहिल्याच हप्त्यातले ५,८३३ रुपये व्याजात जातात, मुद्दलात पडतात ५,८०१. वर्षभरात १ लाख ३९ हजार ६०० रुपये भरून झाल्यावर मुद्दल उतरलेलं असतं सुमारे ७४ हजारांनी. सणाला नवे कपडे न घेतलेला, सहलीला नाही म्हटलेला माणूस वर्षाच्या शेवटी शिल्लक बघतो तर अजून सव्वाचार लाख उभेच. तो खचतो. व्याख्याते म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडली. काही कमी पडलेलं नसतं. व्याज शिल्लक मुद्दलावर चढतं, म्हणून सुरुवातीचे हप्ते व्याजच जास्त खातात, एवढं साधं गणित त्याला कुणी सांगितलेलं नसतं. परतफेडीचा तक्ता बँकेकडे असतो, मागितला की मिळतो. तो तक्ता पहिल्या दिवशी वाचलेला माणूस बाराव्या महिन्याला खचत नाही, कारण बाराव्या महिन्याला आकडा काय दिसणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. ज्याला आपण हुरूप म्हणतो तो पुष्कळदा नुसती माहिती असते.

शेतकऱ्याच्या घरी हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली. ही मुदत साधायची म्हणून गावोगाव जे चालतं त्याला ‘नवं-जुनं’ म्हणतात: कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांपुरते पैसे उचलायचे, सोसायटीचं जुनं खातं भरायचं, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून उचल परत करायची. कागदावर शेतकरी नियमित दिसतो. हातात नवा पैसा येत नाही, आणि मधल्या पंधरा दिवसांचं व्याज खासगी माणूस घेऊन जातो. यात निश्चय कुठे कमी आहे? दर वर्षी न चुकता हा सगळा खटाटोप करणाऱ्याइतका निश्चयी माणूस शोधून सापडायचा नाही. कमी आहे ती मुदतीच्या दिवशी हाताशी असणारी रोकड. माल विकल्या दिवशी सोसायटीचा भाग बाजूला काढला तरच ती असते. नोकरदाराचंही तसंच. हप्ता आणि वरची रक्कम पगाराच्या दिवशीच परस्पर जायला हवी. महिनाअखेरीला उरेल ते भरू म्हणणाऱ्याकडे महिनाअखेरीला काही उरत नाही, मग आरशावर काहीही लिहिलेलं असो.

आता लहान कर्ज आधी उडवण्याची गोष्ट. ही युक्ती अमेरिकेतून आली. तिथे एकेका घरात अनेक क्रेडिट कार्डं असतात, आणि त्यांचे दर बहुधा एकमेकांच्या जवळपास. दर सारखा असेल तर लहान आधी संपवलं तरी फारसं बिघडत नाही, आणि एक खातं बंद झाल्याचा आनंद मिळतो. आपल्या घरातलं लहान कर्ज बहुधा कुणाचं असतं? मामांकडून घेतलेले हातउसने, बिनव्याजी. आणि त्याच घरात सोनं गहाण असतं, पतसंस्थेचं कर्ज असतं, कधी सावकाराकडून महिना शेकडा तीन दराने घेतलेली खासगी रक्कमही असते. समजा मामांचे तीस हजार आहेत, सावकाराचे ऐंशी हजार आहेत आणि सगळे हप्ते व व्याज भागवून महिन्याला दहा हजार उरतात. आधी मामा म्हटलं तर तीन महिने मामांकडे जातात. त्या तीन महिन्यांत सावकाराला २,४०० प्रमाणे ७,२०० रुपये नुसतं व्याज जातं आणि ऐंशीचे ऐंशी हजार जागेवर राहतात. सावकार फिटेपर्यंत मामांना थांबवता आलं असतं तर हे ७,२०० वाचले असते.

इथे प्रतिपक्षाला त्याचं माप द्यायला हवं. मामांचं कर्ज बिनव्याजी असलं तरी फुकट नसतं. लग्नकार्यात मामी पंगतीत समोर बसते, कुणी काही बोलत नाही, आणि घास उतरत नाही. ही शरम वहीत कुठल्या रकान्यात लिहायची? म्हणून मी म्हणतो, मामांना फोन करून सांगा: मामा, तुमचे दिवाळीनंतर देतो, आधी व्याजाचं कर्ज संपवतो. बहुतेक मामा ऐकतात. माणूस रुसतो तो पैसे उशिरा मिळाल्याने कमी, टाळल्याने जास्त.

त्या सावकाराबद्दलही दोन शब्द. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, व्याजाचे कमाल दर शासन ठरवतं, आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. ही दामदुपटीची जुनीच मर्यादा. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. भिंतीवर ध्येय लावण्याआधी हा रस्ता माहीत असायला हवा, कारण जे देणं कायद्याने लागतच नाही ते फेडण्याची जिद्द धरणं हा नुसता तोटा आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप एकट्याच्या लढाईवर. थोरला मुलगा किंवा हल्ली थोरली मुलगी नोकरीला लागते आणि वडिलांचं कर्ज तिच्या अंगावर येतं. तिने ते न बोलता फेडावं, यातच आपल्याला संस्कार दिसतात. गोपाळ कृष्ण गोखले शिकले ते थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली म्हणून, हे आपण कौतुकाने सांगतो, आणि कौतुक योग्यच आहे. पण गोविंदरावांचा पैसा धाकट्याच्या विद्येत गेला. आजच्या थोरलीचा पैसा व्याजात जातो, आणि धाकट्याला घरावर किती कर्ज आहे हेसुद्धा माहीत नसतं. तो हप्त्यावर मोटारसायकल मागतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्यापासून आकडा लपवला गेला. नवऱ्याने बायकोपासून लपवला, वडिलांनी मुलांपासून लपवला. कपाटातल्या पाटल्या सोनेतारणात गेल्याचं आईला लग्नाच्या आदल्या आठवड्यात कळतं. एकाने भरायचं आणि चौघांनी नकळत खर्चायचं, या व्यवस्थेत कितीही प्रेरणा ओता, भोक बुजत नाही.

आणि ज्याला आपण पुत्रधर्म म्हणतो त्याची कायद्यातली हद्दही कळायला हवी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा आहे या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर न्यायालय मुलाकडून वसुली करू शकत नाही. वडिलांच्या पश्चात वारसाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती. मात्र सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर ती पूर्ण जबाबदारी, तिथे नातं बघितलं जात नाही. फरक सहीचा आहे. ‘कर ना इथे सही, नुसती फॉर्मॅलिटी आहे’ हे वाक्य मराठी घरांत फार महागात पडलेलं आहे. हे कळल्यावरही वडिलांचं कर्ज फेडावंसं वाटलं तर जरूर फेडावं. जाणून फेडणं आणि अडकून फेडणं यांत फरक राहतोच.

आपल्या इतिहासात कर्जाच्या कागदांचं काय झालं ते आठवा. तुकोबांनी घराण्याच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. बुडवले, जाळले, घरात बसून शांतपणे वाचले मात्र फार कमी. माझं मागणं एवढंच आहे. दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक कर्जाला एक पान: कुणाचं, मुद्दल किती, दर किती, तारण काय, सह्या कुणाच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातल्या कमावत्या आणि कळत्या सगळ्यांनी बसावं, दहावीतल्या मुलीनेसुद्धा. उरलेलं मुद्दल तिनेच वाचून दाखवावं. एका पानावर मात्र कर्ज लिहू नये. तिथे फेडणाऱ्याचं स्वतःचं काही असावं: अर्धवट राहिलेलं बी.एड., आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, गावच्या घराचे पत्रे. त्याला महिन्याला पाचशे का होईना, पण मिळालेच पाहिजेत. सगळं कर्जात ओतणारा दोन वर्षांत थकतो आणि तिसऱ्या वर्षी नवं कर्ज काढतो. कर्जमाफीच्या भरवशावर बसणाऱ्यांशी वाद घालत नाही. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या येऊन गेल्या, तरी वही लागतेच.

शेवटचा हप्ता भरला म्हणूनही वही मिटू नका. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं बेबाकी पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो आणि फेरफार झाला की नवा उतारा काढून बघावा लागतो. घर तारण असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमानुसार पूर्ण परतफेडीपासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.