फॉरमॅट मारण्याआधी

जुना लॅपटॉप घेतलात तर फॉरमॅट मारण्याआधी थोडं थांबा, असं माझं मत. माझ्या लॅपटॉपमध्ये आधीच्या मालकाच्या लेकीच्या फर्स्ट कम्युनियनचे फोटो निघाले. दोन-तीन पाहिले, मग लाज वाटली. दुकानदार म्हणाला, "उडव ना, तुला काय करायचंय?" मी त्यालाच मालकाला फोन करायला लावला. दुसऱ्या दिवशी ते काका पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्याकडे दुसरी कॉपीच नव्हती!

आणि विकणाऱ्यांनो, रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे फाइल गेली असं नसतं. हार्ड डिस्कवर तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती बहुतेकदा परत काढता येते.

आता एसएसडी बसवलीय, रॅम ४ ची ८ जीबी केलीय, लिनक्स मिंट मस्त पळतं. जुनी हार्ड डिस्क मात्र शून्यांनी भरून पुसायला रात्र गेली.