कोलची गाणी, मार्विनचा आवाज

मार्विन गे हे नाव घेतले की बहुतेकांना १९७१ ची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही ध्वनिमुद्रिका आठवते. आम्ही मात्र गेले काही आठवडे कामावर जाता-येता त्याची फारशी कोणी न ऐकलेली एक तबकडी ऐकत आहोत. नोव्हेंबर १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने ती काढली. नाव सरळ आहे : 'अ ट्रिब्यूट टू द ग्रेट नॅट किंग कोल'. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला कोल फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला होता, वयाच्या ४५ व्या वर्षी. मार्विन तेव्हा २६ वर्षांचा होता. प्रेमगीतांवर तरुणाईला नाचवणारा हा गायक त्या तबकडीवर मात्र मागच्या पिढीच्या गायकाची बारा गाणी गातो.

हे ऐकण्यामागे एक कारण आहे. ते पुढे सांगू.

कोलचा आवाज आमच्या वाचकांपैकी अनेकांनी दुकानांत, विमानतळांवर आणि विशेषतः नाताळच्या दिवसांत नकळत ऐकला असेल. मऊ, संथ, कोठेही न ओरडणारा आवाज. तो ऐकताना या माणसाचे आयुष्यही असेच मखमली गेले असावे, असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९४८ साली त्याने लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या श्रीमंत गोऱ्या वस्तीत घर घेतले, तेव्हा तेथील घरमालक एकवटले. वस्तीत नको असलेली माणसे येऊ नयेत, असे त्यांनी त्याला कळवले. मलाही तशी माणसे नकोतच, कोणी दिसल्यास सर्वांत आधी मीच तक्रार करीन, असे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. तो तेथेच राहिला. घर पसंत पडल्यावर आडनाव विचारले जाणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे तो गात असताना वर्णद्वेष्ट्या टोळक्याने रंगमंचावर चढून त्याला खाली पाडले. अलाबामा हे त्याचे जन्मराज्य. त्याच राज्यातील माँटगोमेरी या त्याच्या जन्मगावी त्या वेळी बसवरचा बहिष्कार चालू होता. (नागपूरची धम्मदीक्षा याच वर्षीची. दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हांला नेहमी वाटते.) परंतु कोलच्या वाट्याला केवळ सहानुभूती आली नाही. त्या मैफलीत फक्त गोरे श्रोते होते, आणि अशा विभागलेल्या श्रोत्यांपुढे तो गातोच कसा, असा जाब कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी त्याला विचारला. मी गायक आहे, चळवळ्या नव्हे, ही त्याची भूमिका लोकांना पटली नाही. पुढे तो नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा आजीव सदस्य झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला; मोठ्या कंपन्या प्रायोजक म्हणून पुढे येईनात, म्हणून वर्षभरात बंदही पडला.

मार्विनच्या तबकडीत यातले काहीही नाही. आहेत ती फक्त गाणी : 'मोनालिसा', 'नेचर बॉय', 'अनफर्गेटेबल'. प्रथम ऐकताना आमची निराशा झाली, हे कबूल करतो. मोठ्या गाण्यांत मार्विन इतका जपून गातो की, गुरुजनांच्या घरात पाहुणा म्हणून आलेला मुलगा खुर्चीच्या काठावर बसावा तसा भास होतो. त्याला प्रथमपासून कोल आणि फ्रँक सिनात्रा यांच्यासारखेच गायचे होते. १९६१ ची त्याची पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वळणाची होती; ती चालली नाही, आणि चालली ती नाचाची गाणी. त्यामुळे १९६५ च्या या आदरांजलीत थोडी स्वतःची हौसही आहे, असे म्हणावे लागेल.

मग आठवे-नववे गाणे ऐकताना आम्ही 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट' पुन्हा लावले. हे गाणे खुद्द कोलने रचलेले, आणि त्याची गोष्ट त्याच्या धर्मोपदेशक वडिलांच्या प्रवचनातली. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून उडवून आणतो आणि वरून आपटून खातो. माकड मात्र गिधाडाच्या मानेला शेपटीचा वेढा घालते. वरवर गंमत, आत बळी जाणाऱ्याने टाकलेला फास. मार्विनही धर्मोपदेशकाचाच मुलगा. या गाण्यात तो काठावरून उठून खुर्चीत नीट बसतो. चर्चमध्ये लहानपणी गायलेला त्याचा गळा मोकळा होतो. दोघांत आणखी एक साम्य आहे : दोघांनीही आडनाव बदलले. 'कोल्स'मधला शेवटचा 'एस' नॅटने गाळला, तर मार्विनने आपल्या आडनावाला शेवटी एक 'ई' जोडला.

तबकडी निघण्याच्या तीन महिने आधी, ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसचा वॉट्स हा भाग पेटला होता. ती बातमी ऐकताना आपण प्रेमगीते कशी गात राहायची, असा प्रश्न पडला होता, असे मार्विनने नंतर सांगितले. उत्तर यायला सहा वर्षे लागली. 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये युद्ध आहे, पोलीस आहेत, बेकारी आहे, आणि तरीही आवाज कोठे चढत नाही. इतक्या रागाची गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगायला तो कोठे शिकला असेल? आमच्या मते त्या उपेक्षित तबकडीच्या खुर्चीच्या काठावर. नकलेत तो अडखळला, पण आवाज खाली ठेवूनही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे त्याने कोलकडून उचलले.

आता ते कारण. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात येथेच जन्मलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने वामनदादा कर्डकांचे एक गीत गायले. ढोलकी नाही, कोरस नाही. पियानोवर, अगदी संथ. सभागृहात चुळबूळ झाली. तालमींची जबाबदारी आमच्याकडे होती. कार्यक्रमानंतर आम्हीच तिला बाजूला घेऊन सांगितले की, हे गीत वस्त्यांतून, मिरवणुकांतून गायलेले आहे, तेव्हा पुढच्या वेळी जुने ध्वनिमुद्रण ऐकून तसेच गा. ती शांतपणे म्हणाली, "काका, मी तशीच गायले तर ते ध्वनिमुद्रणच लावा ना." आम्ही हसून विषय टाळला. या वर्षी तिने नाव दिले नाही.

आमचा व्यवसाय संगणकाचा. कोणाचाही आवाज हुबेहूब काढून देणारी साधने आता घरोघरी आहेत, आणि त्या कामातले बारकावे आम्ही रोज पाहतो. १९९१ मध्ये नॅटली कोलने दिवंगत वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातील आवाजासोबत 'अनफर्गेटेबल' गायले, तेव्हा त्याचे केवढे अप्रूप होते. आज तसे करायला एक दुपार पुरेल. म्हणजे त्या मुलीचे म्हणणे आम्ही इतरांपेक्षा आधी समजायला हवे होते.

मागच्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. मार्विनची तबकडी तिला ऐकवली, कोलची मूळ गाणीही. तिने दोन्ही ऐकली आणि मार्विनचे 'मोनालिसा' कंटाळवाणे आहे, असे स्पष्ट सांगितले. मग 'स्ट्रेटन अप'ला तिने पियानोवर बोटे ठेवली. निघताना तिची आई म्हणाली, "नाव देईल की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या." आम्ही कार्यक्रमपत्रिकेतील तिसरी जागा तूर्त रिकामी ठेवली आहे.