जेलचं गिऱ्हाईक परत पाठवायला शिका

मैत्रिणींनो, व्हिडिओत नेल आर्टचं मार्जिन सांगितलं, पण धोका सांगायचा राहिला. स्वस्त जेल किट आणि मिळेल तो लॅम्प घेऊन हा धंदा सुरू करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बऱ्याच जेलमध्ये हेमा नावाचं अ‍ॅक्रिलेट असतं. लॅम्प जेलला जुळणारा नसेल तर वरून कडक दिसतं, आत कच्चं राहतं. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की खाज, पुरळ, भेगा, नख सुटणं. ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते, आणि अशीच रसायनं दाताच्या फिलिंगमध्येही असतात. युरोपात २०२१ पासून हेमा असलेल्या नेल प्रॉडक्टवर ‘फक्त प्रोफेशनल वापरासाठी’ असं छापावं लागतं.

गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, तुमचा हात मात्र रोज जेलमध्ये. माझ्याकडच्या मुलीची बोटं सोलायला लागली, तेव्हा मी वेड्यासारखा साबण बदलत बसले. पॅच टेस्टनंतर कळलं. तिला काम सोडावं लागलं. आम्ही लेटेक्सचे ग्लोव्हज वापरायचो, त्यातून अ‍ॅक्रिलेट सहज आत जातं. नायट्राइलचे घ्या, तेही सारखे बदला.

आता पातळ, पापुद्रे निघणारी नखं दिसली की मी जेलला नाही म्हणते. नखं आखूड कापते, तेल लावते, दीडशे रुपये घेते. जेलचे आठशे बुडतात. हाताचं नख मुळापासून पूर्ण नवं यायला साधारण सहा महिने लागतात, तेवढं थांबा म्हणते. काही जणी दुसऱ्या पार्लरमध्ये जातात. जाऊ देत.