दुर्मीळ चित्रपटाची चोरटी प्रत



१९७१ साली आमच्या गावी एका मराठी चित्रपटाचे चित्रीकरण झाले. त्यातील आठवडी बाजाराच्या दृश्यात आमची जुनी पेढी दिसते आणि गादीवर बसलेले आजोबाही क्षणभर दिसतात. हालतेचालते आजोबा जगात अन्यत्र कोठेही नाहीत. व्हिडिओ कॅसेटच्या काळात त्या चित्रपटाच्या काही प्रती निघाल्या; पुढे तो दिसेनासा झाला. गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून सारे बसले असता माझ्या पुतण्याने बातमी आणली, की पुण्यात एका गृहस्थाकडे तो आहे आणि पाचशे रुपयांत तो त्याची प्रत करून देतो. काकासाहेबांचे वय चौऱ्याऐंशी. पाच हजारही त्यांनी आनंदाने मोजले असते. त्यांनी एवढेच विचारले, "बिल देतो का रे तो?"

पुतण्या हसला. "काकासाहेब, असल्या मालाचे बिल कसले?"

"मग थांब जरा."

अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. चोराने आणलेला माल घेणे हा त्यांतला एक, आणि बनावट माल खऱ्याच्या नावाने चालवणे हा दुसरा. दोन्ही सरळसरळ बाजारातले आहेत. व्यापाऱ्याला समोर बसवूनच ते सांगितले असावेत असे मला नेहमी वाटते. तीन वर्षांपूर्वी आमच्या हळदीच्या पिशवीची कोणीतरी हुबेहूब नक्कल केली, तेव्हा आम्ही किती संतापलो होतो! घेणारे गिऱ्हाईक म्हणे, स्वस्त मिळाली, घेतली. त्या गिऱ्हाइकाला आम्ही मनोमन चोराचा भागीदार ठरवले होते.

पुतण्याचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नव्हता. नकली हळदीमुळे आमची विक्री बुडाली. हा चित्रपट तर मालक विकतच नाही, मग बुडते कोणाचे? शिवाय प्रती जपणारे नसले म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने भोगले आहे. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तुकड्यांतच उरला आहे. फितीतील चांदी काढण्यासाठी जुने चित्रपट चक्क भंगारात गेले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले १९६४ साली, म्हणजे पुष्कळसे गमावून झाल्यावर. उलट जर्मनीतील 'नोस्फेरातू' हा १९२२ चा मूकपट पाहा. 'ड्रॅक्युला' कादंबरीवर तो विनापरवाना बेतला होता, म्हणून लेखकाच्या विधवेने दावा लावला आणि न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती त्या हुकमातून निसटल्या, म्हणून तो आज अभ्यासला जातो.

आपल्याच घरातले उदाहरण याहून अवघड आहे. मूडबिद्रीला धवला-जयधवलेच्या ताडपत्री शतकानुशतके बंदिस्त होत्या. दर्शन मिळे, प्रत मिळत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने त्यांच्या नकला होऊ लागल्या, पण त्या तेथेच ठेवायच्या होत्या. नकलेच्या कामावरील गजपती उपाध्यायांनी घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत उतरवली. त्यांच्या पत्नीचाही त्यास हातभार होता. ती प्रत घेऊन ते हिराचंद शेठजींकडे आले, तेव्हा ज्यांनी या ग्रंथांसाठी एवढा खटाटोप केला त्या शेठजींनीच ती ठेवून घेण्यास नकार दिला. सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादजींनी ती घेतली आणि आपल्या मंदिरात ठेवली. तिच्यापासून पुढे नकलांवर नकला झाल्या आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापून जगापुढे ठेवला. सोलापूरचे शेठजी चुकले, असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. सहारनपूरचे चुकले असे म्हणावे, तर घरातली धवला उघडताना संकोच वाटेल.

कायद्यापुरते सांगायचे तर आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. 'संत तुकाराम' किंवा 'श्यामची आई' यांच्यावरचा तो हक्क केव्हाच संपला; त्यांची जुनी प्रत कोणी उतरवून दिली तर चित्रपटाची चोरी होत नाही. आमच्या चित्रपटाचा हक्क मात्र २०३१ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. तोवर काकासाहेबांना थांबा म्हणणे, हे व्रतपालन नसून कठोरपणा झाला असता.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कोणीच केली नव्हती. 'मालक देत नाही' असे सारे म्हणत होते. मालकाला विचारले कोणी होते? उधारी वसूल करण्यासाठी आपण तीन जिल्हे पालथे घालतो, येथे एक पत्र लिहिण्याचा कंटाळा! दोन महिन्यांच्या शोधानंतर निर्मात्याच्या चिरंजीवांचा पत्ता लागला. त्यांचा दूरध्वनी आला, तेव्हा मी सावरूनच बसलो. ते म्हणाले, "वडिलांकडची प्रत पुरात गेली. माझ्याकडेच काही नाही. तुम्हाला कोठे मिळाली तर एक मलाही द्याल का?" त्यांनी दोन प्रतींची परवानगी लिहून पाठवली.

पुण्याचे गृहस्थ ते पत्र पाहून प्रथम घाबरले, मग बराच वेळ वाचत राहिले. चिरंजीवांच्या प्रतीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आमच्या प्रतीचे पाचशे घेतले आणि वहीचा कागद फाडून पावती दिली. चिरंजीव सापडलेच नसते, किंवा त्यांनी नाही म्हटले असते, तर मी सोलापूरच्या वाटेने गेलो असतो की सहारनपूरच्या, हे आजही मला ठामपणे सांगता येत नाही.

चित्र धूसर आहे, आवाज मध्येच जातो. आजोबा जेमतेम चार सेकंद दिसतात. काकासाहेबांनी ते दृश्य सात वेळा लावायला सांगितले आणि म्हणाले, "तराजू डाव्या हाताला होता. मी इतकी वर्षे उजव्या हाताला समजत होतो."