“काही कळलं का?” हे विचारणं थांबवूया



मुलाखत देऊन आलेल्या लेकीला किंवा सुनेला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? माझ्या मते, “काही कळलं का गं?” या प्रश्नाचा. शेजारणीपासून आत्याबाईंपर्यंत सगळ्या विचारतात. कळलं असतं तर तिने सांगितलं नसतं का?

उत्तराला उशीर होण्याची कारणं पुष्कळ असतात. इतरांच्या मुलाखती उरलेल्या असतात, साहेब रजेवर असतात, पगाराची मंजुरी अडकलेली असते. मी कॉमर्सची. आमच्या हिशेबात खात्री नसलेलं उत्पन्न जमेला धरत नाहीत, आणि घाईने कुठलं येणं बुडीत खात्यातही टाकत नाहीत. इथेही तेच. उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला, असं नव्हे. सांगितलेली तारीख उलटली की एक नम्र मेल पाठवावा, आणि तोवर दुसरीकडे अर्ज चालू ठेवावेत.

हव्या असलेल्या गोष्टीमागे मन सारखं धावत राहणं, याला तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यान म्हटलं आहे. “काळजी करू नकोस” म्हटल्याने ते थांबत नाही, मनाला दुसरं काम द्यावं लागतं. सामायिकाची ४८ मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत राहतो, हेही काही कमी नाही. तिला बसायचं नसेल तर आग्रह नको. शेंगा सोलायला सोबत घ्या.

नोकरी देणं आपल्या हातात नाही. जेवताना तो विषय न काढणं मात्र नक्की आहे.