क्लब कुणाचा?

"काय रे, यंदा तुझं मुंबई सिटी कितवं?"

परवा कँटीनमध्ये आमच्या टीम लीडनं हा प्रश्न टाकला. साहेब मँचेस्टर युनायटेडचे. रात्री दीडला उठून मॅच बघणार आणि सकाळच्या मीटिंगला डोळे चोळत येणार. मुंबई सिटी एफसी म्हणजे त्यांच्या लेखी माझा एक निरुपद्रवी छंद, कुणी पोस्टाची तिकिटं जमवावीत तसा. मी नेहमीप्रमाणे हसून विषय टाळला. पण घरी येताना लोकलमध्ये डोकं तापत गेलं, आणि आज शनिवार असल्यामुळे ते सगळं इथे ओतणार आहे. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनीही वाचा, कारण हे फक्त फुटबॉलबद्दल नाही.

मुळात "कितवं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. २०२५-२६ चा हंगाम होणार की नाही हेच जुलैपासून जानेवारीपर्यंत कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. ज्या पोराला परीक्षेला बसू देतील की नाही हेच माहीत नव्हतं, त्याला तुम्ही टक्के काय विचारता?

ज्यांनी हे नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार केला. त्याच कराराच्या जोरावर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. करार संपणार होता डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे ऐन हंगामाच्या मधोमध. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता, त्यामुळे नव्या कराराची बोलणी अडकली. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं, हंगाम तूर्त थांबवतोय. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाचा निकाल आला, ऑक्टोबरमध्ये निविदा निघाली, आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा आलेल्या बोली किती? शून्य. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला देशाचे नावाजलेले खेळाडू व्हिडिओ काढून फिफाला विनवण्या करत होते की आम्हाला वाचवा. मग क्रीडामंत्र्यांनी घोषणा केली आणि १४ फेब्रुवारी २०२६ ला गाडी एकदाची सुटली. १४ क्लब, ९१ सामने. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला फक्त १३. आदल्या हंगामात प्रत्येकाने साखळीत २४ खेळले होते.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे वेबसाइटचं सर्टिफिकेट संपण्याची तारीख त्या सर्टिफिकेटवरच लिहिलेली असते. तरी कुणीतरी विसरतो, मध्यरात्री साइट बंद पडते आणि सगळे एकमेकांना मेल टाकत बसतात. तेव्हा आम्ही त्याला "अनपेक्षित अडचण" म्हटलं तर क्लायंट आम्हाला फाडून खाईल. आणि इथे? १५ वर्षं आधी लिहून ठेवलेली तारीख! तिला अनपेक्षित कसं म्हणायचं हो?

पण महासंघाला शिव्या घालणं सोपं आहे आणि ते सगळेच करतात. माझं भांडण त्याच्या पुढचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा पुण्याचा. (हो, पुणेकर असून मुंबईचा संघ. घरी यावरून पुरेसं ऐकून झालंय, तुम्ही नका बोलू.) ऑक्टोबर २०१४ मध्ये लीगच्या पहिल्याच आठवड्यात मुंबई सिटीने आमच्या एफसी पुणे सिटीला ५-० असं धुतलं आणि आंद्रे मोरित्झने लीगची पहिली हॅटट्रिक केली. टीव्हीसमोर बसून मी मुंबईला जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर बालेवाडीची वारी सुरू झाली. एका बाइकवर तिघं, नारिंगी जर्सी, परत येताना हायवेला भुर्जीपाव. मार्च २०१८ मध्ये पुणे पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचलं. बालेवाडीला ०-० आणि मग बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल मारून आम्हाला घरी पाठवलं. वाईट वाटलं, पण ते बरं वाटणारं वाईट होतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता येत होतं.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. त्यानंतरचं आलंच नाही. २०१९ मध्ये मालकांच्या पैशाचे वांधे झाले आणि क्लब बंद. ना सभा, ना मतदान, ना निरोपाचा सामना. लीगमधली पुण्याची जागा हैदराबाद एफसी नावाच्या नव्या क्लबला मिळाली. त्या हैदराबादने २०२२ मध्ये चक्क करंडक जिंकला. आणि २०२५ मध्ये तोही क्लब उठून दिल्लीला गेला, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे मंडळी, बालेवाडीची आमची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला पोचली. क्लब आहे की बदलीचा सरकारी नोकर?

आणि पुण्यात हे एकदाच झालं असंही नाही. पुणे एफसी, २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता, बंद. भारत एफसी, एक हंगाम खेळून बंद. डीएसके शिवाजीयन्स, दोन हंगामांनी बंद. मुंबईत महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद. मुंबई एफसी, २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि बंद. प्रत्येक वेळी मालक वेगळे, कारणं वेगळी, पण पद्धत तीच: कुणीतरी एका खोलीत बसून ठरवतं आणि बाकीच्यांना पेपरात कळतं.

नोकरीसाठी मुंबईत आलो तेव्हा वर्षभर मी कुणाचाच नव्हतो. मग २०२०-२१ चा हंगाम आला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानावर. मी भाड्याच्या खोलीत एकटा, लॅपटॉपवर एका बाजूला ऑफिस आणि एका बाजूला मॅच. १३ मार्च २०२१, फातोर्डा, मोहन बागानविरुद्ध १-१, आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. शील्ड आणि करंडक दोन्ही आपले! मी एकटाच एवढा ओरडलो की खालच्या काकू वर बघायला आल्या. त्या दिवसापासून मी मुंबई सिटीचा.

सुखाचे दिवस भरपूर दिले या क्लबने, नाही म्हणत नाही. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, त्या स्पर्धेच्या गटात जिंकणारा पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ ला सलग १८ सामने अपराजित, ४६ गुण, पुन्हा शील्ड. २०२४ ला मोहन बागानच्या घरात, सॉल्ट लेकवर, शील्ड गमावली आणि तीन आठवड्यांत त्याच मैदानावर ३-१ ने करंडक उचलून आणला. मग उतरण लागली. अपुइया, भेके, दियाझ गेले. २०२४-२५ मध्ये कसेबसे सहावे आलो आणि बाद फेरीत बेंगळुरूने पाच गोल घातले. ५-०! २०१४ ला पुणेकर म्हणून जे भोगलं तेच आता मुंबईकर म्हणून.

हे सगळं मी सहन केलं, आनंदाने केलं. पण डिसेंबर २०२५ मधली बातमी मला पचली नाही. सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, २०१९ मध्ये आपल्या क्लबची ६५ टक्के मालकी घेतली होती. लीगचं भवितव्य अनिश्चित आहे म्हणून ते बाहेर पडले आणि क्लब मूळ मालकांकडे परत गेला. व्यवसाय म्हणून निर्णय बरोबरच असेल. माझ्या स्वतःच्या आयुष्यात क्लायंटने करार वाढवला नाही म्हणून एका शुक्रवारी अख्खं प्रोजेक्ट गुंडाळलेलं मी पाहिलंय. शेजारच्या टेबलवरचा मित्र सोमवारी नव्हता. त्याचा मग तेवढा तिथेच राहिला होता, तो मी अजून वापरतो. व्यवसाय असाच असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

पण मग मला सांगा, क्लब हा व्यवसायच असेल तर तुम्ही मला "हा तुझा क्लब आहे" असं का सांगता? पोस्टरवर का लिहिता? माझ्याकडून निष्ठा मागता ती ग्राहकाची की घरच्याची? ग्राहकाची असेल तर मीही उद्या दुकान बदलतो. घरच्याची असेल तर घर विकताना निदान विचारा तरी.

गेल्या नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरला मामाकडे गेलो होतो. मामा हाडाचा तालमीचा माणूस. बोलीचा आकडा शून्य आल्याची बातमी त्याने वाचली होती. म्हणाला, "काय रं, तुझा क्लब उठला म्हणं?"

म्हटलं, "उठला नाही मामा, लटकलाय."

"आमचं बरं हाय बघ. आमचा कुठं उठून जातोय? तालीमच हाय की तिथं."

मी हसलो, पण ते वाक्य डोक्यात रुतलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही सगळी तालमींची नावं. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की गर्दी किती असते ते बघायला एकदा जा. तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. राडे होतात, सामने थांबतात, पेठेचा अभिमान डोक्यात जातो. पण अनिकेत जाधवसारखा पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, याच गावचा. कुणी निविदा भरली नाही म्हणून कोल्हापूरचा फुटबॉल बंद पडेल का? मामाला हा प्रश्नच कळणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, तालमीच्या वर्गणीतून परदेशी स्ट्रायकरचे पगार निघतात होय? नाही निघत. पैसा लागतो आणि पैसेवाला लागतो, मान्य. पण पैसेवाला आला म्हणजे सगळं त्याचंच व्हायला हवं असं कुठे आहे? जर्मनीत काही अपवाद सोडले तर क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडे ठेवावी लागतात, आणि तिथला फुटबॉल काही भिकेला लागलेला नाही. तेवढं लांबही नको. मोहन बागान बघा. २०२० मध्ये नवे मालक आले आणि नावापुढे "एटीके" लागलं. समर्थकांनी ते काढा म्हणून वर्षानुवर्षं बोंब मारली, आणि २०२३ मध्ये ते काढावं लागलं. मालक तोच, पैसा तोच. फरक एवढाच की १८८९ पासूनचा क्लब आपला आहे हे त्या लोकांना ठाऊक होतं, आणि मालकालाही.

आम्हाला ते ठाऊक नव्हतं. पुणे सिटी बंद झाली तेव्हा आम्ही काय केलं? फेसबुकवर रडके चेहरे टाकले आणि महिनाभरात दुसरी जर्सी घेतली. मीही त्यातलाच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लीग नव्याने उभी करायचीच आहे तर परवान्यात तीन अटी घाला. एक, क्लबचं नाव, रंग, चिन्ह आणि गाव यांत बदल करायचा तर नोंदणीकृत समर्थकांचं मत घेतल्याशिवाय नाही. दोन, मालकाला जायचं असेल तर खुशाल जावं, पण एक हंगाम आधी सांगून. तीन, खेळाडूंपासून गवत कापणाऱ्या माळीदादांपर्यंत सगळ्यांचा एका हंगामाचा पगार आधीच बाजूला ठेवलेला हवा. भाडेकरूसुद्धा डिपॉझिट देतो हो!

आणि एक अट आपल्यासाठी. टीम लीड साहेब, तुमच्या युनायटेडवर माझा राग नाही. पण रात्री दीडला मँचेस्टरसाठी उठणाऱ्या माणसाला संध्याकाळी साडेसातला अंधेरी लांब वाटते, हे काही मला पटत नाही. वेस्ट स्टँडमधली रिकामी खुर्ची टीव्हीवर दिसते, आणि निविदा भरणाऱ्यालाही दिसते.

पुढच्या घरच्या सामन्याची दोन तिकिटं काढणार आहे. एक माझं, एक साहेबांचं. सोमवारी कँटीनमध्ये त्यांच्या ताटाशेजारी ठेवणार. बघू येतात का ते.

असो. चहा गार झाला. पुढच्या वीकएंडला भेटू.